हरलेले घड्याळ परत येते तेव्हा

२६ जानेवारी २०१६ रोजी अमेरिकी हवाई दलाने जीपीएसच्या ताफ्यातला एक जुना उपग्रह निवृत्त केला. अशा निवृत्त्या अधूनमधून होतच असतात. पण या वेळी जमिनीवरच्या नियंत्रणयंत्रणेत काळासंबंधीचा एक आकडा चुकला आणि बरेच उपग्रह तो चुकीचा आकडा जगाला सांगत राहिले. चूक होती १३.७ मायक्रोसेकंदांची. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातले पुरते चौदाही नाहीत. गाड्यांमधल्या नकाशांना तिचा पत्ताही लागला नाही. मात्र दूरसंचार यंत्रणा ठिकठिकाणी धोक्याच्या सूचना देऊ लागल्या आणि हा गोंधळ सुमारे बारा तास चालला. ब्रिटनमध्ये बीबीसीचे डिजिटल रेडिओ प्रक्षेपण विस्कळीत झाले.

रेडिओला आणि टेलिफोनला एवढी सूक्ष्म वेळ कशाला लागते, असा प्रश्न कुणालाही पडेल. मोबाइलच्या अनेक जाळ्यांत फोनचे बोलणे आणि ऐकणे एकाच वारंवारतेवर आळीपाळीने चालते. शेजारशेजारच्या मनोऱ्यांना ही पाळी एकत्र सांभाळावी लागते. एकाची ऐकण्याची वेळ असताना दुसऱ्याने बोलायला सुरुवात केली, तर हजारो मैलांवरून आलेल्या पाहुण्याचे बोलणे शेजारच्या लाउडस्पीकरमुळे ऐकू येऊ नये, तशी गत होते. म्हणून प्रत्येक मनोऱ्याचे घड्याळ प्रमाणवेळेपासून दीड मायक्रोसेकंदाहून अधिक ढळू नये, असा दंडक आहे. आणि ही वेळ बहुतेक मनोरे घेतात ती उपग्रहांकडून.

उपग्रहाकडून येणारा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत किती क्षीण होतो? एका वॅटचे दहा कोटी भाग करावेत आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा कोटी भाग करावेत. साधारण तेवढी शक्ती आपल्या अँटेनाला मिळते. खिशात मावणाऱ्या यंत्रानेही तो संदेश बुजवून टाकता येतो. शिवाय उपग्रहावरचे घड्याळही शेवटी यंत्रच. आपल्या नाविक मालिकेतला पहिला उपग्रह, आयआरएनएसएस-१ए, २०१३ मध्ये अवकाशात गेला. त्यावरची तीनही रुबिडियम घड्याळे, परदेशातून आणलेली, काही वर्षांतच बंद पडली. उपग्रह धडधाकट होता, संदेश पाठवू शकत होता. पण वेळ सांगता येईना, म्हणून स्थान सांगण्याच्या कामाला तो निरुपयोगी ठरला. त्यानंतर अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने देशी रुबिडियम घड्याळ तयार केले आणि २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहावर ते गेले.

तेव्हा मला जो प्रश्न महत्त्वाचा वाटतो तो असा: वेळ आकाशातून मागून आणण्याऐवजी ज्याची त्याने जवळ का बाळगू नये? पूर्वी लग्नघरात मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवत. पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाशी बारीक भोक असलेली वाटी तरंगत सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली. वेळ त्या मांडवातच मोजली जाई. आजच्या यंत्रांना तशी जवळची, पण कितीतरी अचूक वाटी हवी आहे.

आज अशी वाटी आहे ती क्वार्ट्झची. मनगटी घड्याळात नादकाट्याच्या आकाराचा क्वार्ट्झचा एक चिमुकला तुकडा असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलेला आहे: त्याला पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो, आणि निम्मे करत जाणे हे इलेक्ट्रॉनिक मंडळांचे सर्वांत आवडते काम. पण क्वार्ट्झ हा शेवटी कापलेला, तासलेला दगड. हा तुकडा साधारण २५ अंश सेल्सियसला आपली नेमकी चाल राखतो. त्यापेक्षा तापमान चढले तरी तो मागे पडतो आणि उतरले तरी मागेच पडतो. वीस अंशांच्या फरकाला दिवसाकाठी सव्वा सेकंदाच्या आसपास. मनगटी घड्याळ बरे चालते यात मनगटाच्या उबेचाही वाटा असतो. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असताना वर्गात तापलेली सोल्डरिंगची सळी स्फटिकाच्या नुसती जवळ नेऊन दाखवत असे. वारंवारता-मापकावरचे शेवटचे आकडे धावू लागले, की पुढचे व्याख्यान द्यायची फारशी गरज उरत नसे.

यावर उपाय आहेत. क्वार्ट्झला छोट्याशा भट्टीत, एका स्थिर तापमानात ठेवता येते. मनोऱ्यांवर असेच करतात. पण भट्टी वीज खाते आणि स्फटिकाचे वय वाढत जाते तसा त्याचा सूर हळूहळू ढळतो तो ढळतोच. मूळ अडचण अशी, की कारखान्यातून निघालेले कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात.

रेणू मात्र असतात. १८७० मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी ब्रिटिश असोसिएशनपुढील भाषणात हा मुद्दा मांडला होता: पृथ्वीची लांबीरुंदी आणि तिचे फिरणे बदलू शकते, लांबी, काळ आणि वस्तुमान यांची खरी कायम मापे हवी असतील, तर ती रेणूंमध्येच शोधावी लागतील, कारण तेच कधी झिजत नाहीत आणि एकमेकांपासून वेगळे नसतात. कल्पना अचूक होती. रेणूचा ठोका ऐकायचा कसा, याचे साधन मात्र त्या काळी कुणाकडे नव्हते.

ते साधन मिळायला एक महायुद्ध व्हावे लागले. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या लहरी आखूड करत करत अमेरिकी शास्त्रज्ञ सव्वा सेंटिमीटरपर्यंत आले. तिथे त्यांचा पाय घसरला. या लांबीच्या लहरी हवेतल्या बाष्पात शोषल्या जातात; दमट हवेत रडारला लांबचे दिसेना. त्या पट्ट्यात रडार म्हणून फारसा अर्थ उरला नाही, पण युद्ध संपल्यावर त्यासाठी बनवलेली उपकरणे प्रयोगशाळांच्या हाती आली. रडारला जे विष होते, ते भौतिकीला अमृत ठरले. वायूचे रेणू नेमक्या कोणत्या वारंवारतेला लहर गिळतात, हे आता अत्यंत बारकाईने पाहता येऊ लागले. त्यात अमोनिया फार उठून दिसला. या रेणूत तीन हायड्रोजनच्या तळावर नायट्रोजन बसलेला असतो, तिवईवर ठेवलेल्या कळशीसारखा. पुंजभौतिकीच्या नियमांनुसार नायट्रोजन तळाच्या आरपार जाऊन पलीकडे निघतो आणि परत येतो. वाऱ्याने छत्री उलटी व्हावी आणि पुन्हा सुलटी व्हावी तसे. अमोनियाची सर्वांत ठळक शोषणरेषा २३.८७ गिगाहर्ट्झला आहे, म्हणजे सेकंदाला २,३८७ कोटी आंदोलने. लहरीची लांबी सव्वा सेंटिमीटर. रडारवाल्यांनी जिथे हात टेकले, नेमका तोच पट्टा.

वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये हॅरॉल्ड लायन्स यांनी या रेषेवर घड्याळ बांधले आणि जानेवारी १९४९ मध्ये ते जगापुढे आणले. छायाचित्रात ते मोठे गमतीदार दिसते. माणसाहून उंच कपाटे, त्यांवर भिंतीवरच्यासारखी एक साधी तबकडी, आणि तबकडीभोवती वेटोळे घालून बसलेली आठ मीटर लांबीची चौकोनी पोकळ धातूची नळी. त्या नळीत विरळ अमोनिया. एका टोकातून मायक्रोवेव्ह लहर सोडायची आणि दुसऱ्या टोकाला किती उरली ते पाहायचे. सर्वांत कमी उरली, की समजायचे, आपण रेणूच्या ठोक्यावर आहोत. मग त्यावरून क्वार्ट्झला दुरुस्त करायचे. आज ज्याला आण्विक घड्याळ म्हणतात त्या कुळाचा मूळ पुरुष हा असा होता आणि तो अणूचा नव्हता, रेणूचा होता. ही गोष्ट बहुतेक पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकली जाते.

कारण हे घड्याळ हरले. त्याची अचूकता होती दोन कोटींत एक. म्हणजे दिवसाला चार-साडेचार मिलिसेकंदांची चूक. त्या काळची उत्तम क्वार्ट्झ घड्याळे याहून सरस होती. दोष रेणूच्या ठोक्यात नव्हता, तो ऐकू येण्यात होता. नळीतले रेणू सतत धावत असतात, एकमेकांवर आणि भिंतींवर आदळत असतात. धावणाऱ्या आगगाडीची शिट्टी जशी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती वाटते, तशी प्रत्येक रेणूची रेषा थोडी इकडेतिकडे सरकते आणि सगळ्या मिळून एक फुगीर खड्डा तयार होतो. त्या खड्ड्याचा तळ नेमका कुठे, हे त्या वेळच्या व्हॅक्यूम ट्यूबच्या उपकरणांना पुरेसे बारकाईने सांगता येत नव्हते. १९५५ मध्ये इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी सीझियमच्या अणूंचा झोत निर्वात पोकळीतून सोडून ही धक्काबुक्कीच टाळली. बाजी सीझियमने मारली. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियमची झाली: ९,१९२,६३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद. रेणूचे घड्याळ संग्रहालयात गेले.

पुढची कथा सीझियमला लहान करत नेण्याची. २००४ मध्ये अमेरिकेच्या निस्ट संस्थेने (वॉशिंग्टनच्या त्याच ब्युरोचे हे आजचे नाव) तांदळाच्या दाण्याएवढ्या गाभ्याचे आण्विक घड्याळ दाखवले आणि २०११ मध्ये काडेपेटीच्या आसपास मावणारे, १२० मिलिवॅटच्या सुमारास वीज घेणारे घड्याळ बाजारात आले. ते खरोखरच विलक्षण आहे. पण आत डोकावले तर किती सरंजाम! सीझियम हा धातू. त्याची वाफ हवी तर कुपी तापवत ठेवावी लागते. ठोका ऐकायला लेझर लागतो. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र अणूला छेडते, म्हणून भोवती चुंबकीय कवच. उष्णता बाहेर निसटू नये म्हणून निर्वात वेष्टन. चालू केल्यावर स्थिर व्हायला दोनेक मिनिटे. हे सगळे हाताने जुळवत आणायचे, तेव्हा किंमतही रुपयांत लाखाच्या पुढे जाते. घरोघरची वाटी ही नव्हे.

२०१८ मध्ये एमआयटीतल्या रुओनान हान आणि चेंग वांग यांच्या गटाने ‘नेचर इलेक्ट्रॉनिक्स’ या नियतकालिकात एक घड्याळ जाहीर केले. मला ते वाचताना लायन्स यांची वेटोळ्याची नळीच डोळ्यांपुढे आली, कारण तत्त्व तेच. फक्त नळी आठ मीटरांची नव्हे, चौदा सेंटिमीटरांची. तिचे तोंड जेमतेम एक मिलिमीटर. आणि माणसाहून उंच कपाटांच्या जागी सिलिकॉनची एक चिप, ६५ नॅनोमीटर जातीची, मोबाइल-संगणकांच्या चिपा ज्या सर्वसाधारण पद्धतीने होतात त्याच पद्धतीने केलेली. लेझर नाही, भट्टी नाही, चुंबकीय कवच नाही.

यातला वायू आहे कार्बोनिल सल्फाइड. ऑक्सिजन, कार्बन, गंधक असे तीन अणू एका सरळ रेषेत, छोटीशी काठीच. ही काठी गिरक्या घेते, पण वाटेल त्या वेगाने नाही. घरातल्या पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरला जसे १, २, ३ असे टप्पे असतात आणि दोनच्या नि तीनच्या मध्ये पंखा राहत नाही, तसे या रेणूच्या गिरकीचेही टप्पे निसर्गाने ठरवून दिलेले आहेत. खालच्या टप्प्यावरून वरच्यावर जायला तो नेमक्या एका वारंवारतेची लहर गिळतो. पहिल्या उडीला साधारण १२.१६ गिगाहर्ट्झ, दुसऱ्या उडीला दुप्पट, तिसऱ्या उडीला तिप्पट, असे पाढे चढत जातात. एमआयटीच्या घड्याळाने अठराव्यावरून एकोणिसाव्या टप्प्यावर जाणारी उडी निवडली. पाढ्याप्रमाणे ती २३१.१ गिगाहर्ट्झच्या आसपास यायला हवी. प्रत्यक्षात ती २३१.०६१ ला आहे. हा जरासा फरक का, तर जोरात फिरताना काठी किंचित ताणली जाते. पाळण्यात बसलेल्याला बाहेर ढकलल्यासारखे वाटते, तोच प्रकार.

एकोणिसावीच उडी का, हे कळले की या घड्याळाची सगळी युक्ती कळते. आपल्या खोलीच्या तापमानाला या वायूचे रेणू विसाव्या टप्प्याच्या आसपासच सर्वाधिक गर्दी करून असतात, म्हणजे उडी मारायला तिथे भरपूर उमेदवार. वारंवारता जितकी उंच, तितके शोषण जोरकस, म्हणून नळी आखूड चालते. लहरीची लांबी येते सव्वा मिलिमीटरच्या थोडी वर, म्हणून नळी बारीक चालते. हा रेणू विद्युतलहरीला थेट प्रतिसाद देतो, त्यामुळे ठोका ऐकायला प्रकाशाची मध्यस्थी नको. त्याच्या तिन्ही अणूंच्या सामान्य प्रकारांच्या केंद्रकांना फिरकी नाही, म्हणून रेषा फाटत नाही, एकसंध राहते. त्याला स्वतःचे म्हणण्याजोगे चुंबकत्व नाही, म्हणून शेजारच्या चुंबकाने तो विचलित होत नाही. आणि तो जात्याच वायू आहे. उणे ५० अंशांच्या आसपास उकळतो. त्याला तापवायला नको. हे गुण १९४०च्या दशकातल्या संशोधकांनाही बहुतांशी ठाऊक होते. त्यांच्याजवळ नव्हता तो सेकंदाला तेवीस हजार कोटी वेळा उघडझाप करणाऱ्या लहरी काढणारा आणि ओळखणारा स्वस्त ट्रान्झिस्टर. तो संगणक-उद्योगाने, घड्याळाचा विचारही न करता, आयता आणून दिला. एकोणसत्तर वर्षे रेणू तयार होता. यंत्राला पोहोचायला उशीर झाला.

खड्ड्याचा तळ शोधण्याची रीत मोठी देखणी आहे. दाट धुक्यात दरीच्या तळाशी उभे राहायचे आहे, आजूबाजूचे काही दिसत नाही. मग काय करावे? एक पाऊल डावीकडे टाकून चढ मोजावा, तेवढेच पाऊल उजवीकडे टाकून चढ मोजावा. दोन्ही सारखे, तर आपण तळाशी. डावा चढ जास्त, तर आपण तळाच्या डावीकडे सरकलो आहोत. उजवीकडे जायला हवे. चिप हेच दर सेकंदाला हजारो वेळा करते. तिच्यातल्या क्वार्ट्झच्या आंदोलनांना गुणून गुणून २३१ गिगाहर्ट्झची लहर काढायची, ती रेषेच्या अलीकडे-पलीकडे झुलवायची, आणि दोन्हीकडचे उरलेले बळ असमान दिसले की क्वार्ट्झचा कान पिळायचा. ठोके देतो क्वार्ट्झच. रेणू फक्त त्याच्यावर नजर ठेवून असतो.

हा खड्डा दहा लाख हर्ट्झच्या आसपास रुंद असतो आणि त्या घड्याळाने हजार सेकंदांची सरासरी घेऊन त्याचा तळ नव्वद हर्ट्झच्या आसपास पक्का केला. म्हणजे शंभर मीटर रुंदीच्या दरीत सेंटिमीटरभराच्या नेमकेपणाने उभे राहणे. प्रमाणात सांगायचे तर चुकीचा वाटा एक अब्जात ०.३८, आणि वीज लागली ६६ मिलिवॅट. कुणी लगेच भागाकार करून ‘त्र्याऐंशी वर्षांत एक सेकंद’ असे म्हणेल. ही भाषा मला फसवी वाटते. तो आकडा सतरा-एक मिनिटांच्या सरासरीतली थरथर सांगतो. हे घड्याळ त्र्याऐंशी वर्षे कसे चालेल याची ग्वाही देत नाही. मनोऱ्याच्या भाषेत मोजणे प्रामाणिक ठरेल. उपग्रहाचा आधार सुटल्यावर दीड मायक्रोसेकंदाची सवलत साध्या क्वार्ट्झला, लाखात दोनची चूक धरली तर, सेकंदाचा तेरावा भागही पुरत नाही. एक अब्जात ०.३८ चुकणाऱ्या घड्याळाला ती तासाहून थोडी जास्त पुरते.

तासाभराने काय होणार, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. अडचण पुन्हा खड्ड्याचीच होती. नळी आणि चिप यांचे स्वतःचे गुणधर्म वारंवारतेनुसार बदलतात, त्यामुळे खड्डा ज्या जमिनीत आहे ती जमीनच तिरकी असते. डावा-उजवा चढ सारखा आला तरी आपण तळापासून किंचित बाजूला असतो, आणि तापमान बदलले की हा तिरकेपणाही बदलतो. त्याच गटाने २०२० मध्ये मांडलेल्या पुढच्या घड्याळात लहर झुलवून तिच्या प्रतिसादातले वरचे स्वर तेवढे ऐकले. साधा उतार त्या वरच्या स्वरांत उमटत नाही, खड्ड्याचा नेमका बाक मात्र उमटतो. चूक जवळजवळ नऊ पटींनी घटली, एक अब्जात ०.०४३ वर आली. वीज ७० मिलिवॅट. त्याच हिशेबाने दीड मायक्रोसेकंद आता साडेनऊ तासांपेक्षा जास्त पुरतो. तेवढ्यात दुरुस्तीचा माणूस मनोऱ्यावर पोहोचू शकतो.

जिथे जीपीएस कधीच पोहोचत नाही अशीही ठिकाणे आहेत. भूगर्भातले तेल आणि वायू शोधताना समुद्राच्या तळाशी शेकडो कंपनमापके आठवडेच्या आठवडे पडून असतात. पाण्यातून उपग्रहाचा संदेश जात नाही. प्रत्येक मापकाने कंपन नेमके केव्हा नोंदले हे एकमेकांशी जुळले नाही, तर खडकांचे चित्रच पुसट होते. तिथे बॅटरीवर चालणारे आणि क्वार्ट्झसारखे न ढळणारे घड्याळ हवे, आणि ते शेकड्यांनी विकत घेता यायला हवे. सीझियमची छोटी घड्याळे तिथे वापरली जातात. त्यांची जागा घ्यायची तर रेणूला स्वस्ताईवरच जिंकावे लागेल.

आणि स्वस्ताई अडते ती चिपपाशी नाही, नळीपाशी. चिप लाखोंनी छापता येतात. वायू मात्र वातावरणाच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्शाइतक्या दाबाने, वर्षानुवर्षे टिकेल असा, धातूच्या बारीक नागमोडी नळीत कोंडायचा आहे. लहर आत-बाहेर जावी आणि वायू जाऊ नये, अशी खिडकी तिला लावायची आहे. थोडी हवा आत झिरपली तरी टकरा वाढतात, खड्डा रुंद आणि उथळ होतो. चिप, नळी आणि खिडकी एकाच वेष्टनात कारखान्याच्या वेगाने कशी बसवायची, यावर काम चालते ते बंगलोर-बोस्टनच्या संगणक-प्रयोगशाळांसारख्या जागी कमी आणि जोडकाम, मुलामा, सीलबंदी करणाऱ्या कारागिरीच्या टेबलांवर जास्त. वायूची मात्र टंचाई नाही. ज्वालामुखीतून आणि समुद्रातून कार्बोनिल सल्फाइड सतत हवेत येत असतो. हवेतल्या गंधकयुक्त वायूंमध्ये सर्वाधिक प्रमाण त्याचेच. आपण अर्धा लिटर हवेचा एक श्वास आत घेतो, तेव्हा त्यात या रेणूच्या सहा-एक लाख कोटी प्रती असतात, आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या २३१.०६१ गिगाहर्ट्झवरच्याच.